नमुना क्रमांक चौदा

१२ सप्टेंबर १९९३, रविवार
आजपासून शिस्त. डिसेंबरात पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतं आणि वीसपैकी तेराच नमुने झालेत. (चार वर्षांत तेरा म्हणजे काही कमी नाहीत. घाई केली की सायन्स बिघडतं.) विषय तसा सोपा. त्वचेवरचे साधे जंतू खायला किती मिळालं की एकमेकांना धरून चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, बांधतात? एका नळीत नुसता ब्रॉथ (जंतूंचं पातळ खाद्य), दुसरीत साखर घातलेला. दुसऱ्या दिवशी ओतून टाकायचा, जांभळा रंग घालून धुवायचा. काचेला जांभळं राहिलं की समजायचं, चिकटले.

चौदावा नमुना बाबांचा. दुर्गाघाटावरून स्नान करून ओलेत्याने आले, आणि मी दंडावर कापसाचा बोळा फिरवला. सोवळ्यात असताना मला शिवू दिलं! विद्येसाठी चालतं म्हणाले, आणि पुन्हा आंघोळीला गेले. मला भरून आलं.

बोळे गंगाआत्याने वळून दिलेत. लॅबचा कापूस संपलाय, आणि आत्यासारख्या वाती अख्ख्या घाटावर कोणी वळत नाही. नळी देवघरातल्या कोनाड्यात ठेवलीय, घरात तेवढीच एक गार जागा. उद्या सकाळी आठला लॅब. म्हणजे आठलाच.

१३ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १
लॅबला जायला मैदागिनच्या टेम्पो स्टँडपर्यंत गेलो. टेम्पोत जागा नव्हती. (एक होती, पण लटकायची.) कचौडी-जलेबी खाऊन परत. नळी तशीही घरीच विसरली होती. एका दिवसाने काय होतंय.

१६ सप्टेंबर, गुरुवार
नमुना जळाला.
आत्याला कोनाड्यात नळी दिसली, आत काडीवर स्वच्छ कापूस. चार दिवस नुसता पडलाय, वाया कशाला घालवा, म्हणून तिने तो काढून वात वळली, तुपात भिजवली आणि निरांजनात लावली. बाबांनी आज स्वतःच्याच जंतूंनी आरती केली. आणि घंटा मी वाजवत होतो!
आत्याला म्हटलं, बाबांना बोलू नकोस. बरं म्हणाली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण या खेपेला भिजेल असं वाटतं. उद्या मीच सगळं सांगून दुसरा नमुना घेणार. ठरलं.

२० सप्टेंबर, सोमवार
सांगणारच होतो. पण बाबा रोज संध्या आटोपली की विचारतात, "काय रे, माझे जंतू काय म्हणतात?" आज तोंडातून निघून गेलं की बाबा, तुमचे चिकटतच नाहीत, साखर घातली तरी. बाबा नुसते बघत राहिले. बहुतेक आनंदाने.
रजिस्टरात चौदासमोर शून्य आणि शून्य लिहिलं. पेन्सिलने. पेन्सिलने लिहिलेलं काही खोटं नसतं.

२८ सप्टेंबर, मंगळवार
माझे गाइड श्रीवास्तव सर चौदावर बेहद्द खूश. बाकी तेरांत साखरेने जांभळा गडद झाला, हा एकटाच कोरा. "यही तो रिसर्च है!" म्हणाले. कॉन्फरन्सच्या गोषवाऱ्यात चौदा पहिल्याच ओळीत. माझी दोन्ही शून्यं सरांनी स्वतः पेनाने गिरवली.
मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी चहा पुढे केला.

२ ऑक्टोबर, शनिवार
बाबांनी गोड सोडलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. का, तर म्हणे नेम आहे. माझंच पाप. साखरेने जंतू चिकटतात हे मीच सांगून बसलो, आता आपले चिकटू नयेत म्हणून हा नेम. नळीतली साखर वेगळी, चहातली वेगळी, हे समजावता येईल, पण मग नळीचा विषय निघणार.
त्यात पितृपक्ष लागलाय. बाबांना रोज श्राद्धाचं आमंत्रण, आणि पानावरचे लाडू बांधून घरी येतात. माझ्या घशाखाली उतरत नाहीत. चार खाल्ले.

७ ऑक्टोबर, गुरुवार
फार वाईट झालं. दूधविनायक गल्लीतल्या काशीनाथपंतांकडे श्राद्धाला बाबांनी खिरीला हात लावला नाही. पंतांनी स्वतः आग्रह केला तरी हात जोडले. पंत म्हणाले, आमचे पितर उपाशी गेले! सर्वपित्रीला त्यांनी दुसऱ्या भटजींना सांगितलंय. तीस वर्षं त्या पाटावर बाबा बसत होते. आता दूधविनायकावरून जाताना कोणी हाक मारत नाही, म्हणून ते खालून घाटाने येतात.
उद्या सांगतो. देवाशप्पथ.
(लाडू: सहा.)

८ ऑक्टोबर, शुक्रवार
आधी पुरावा, मग कबुली. हेच शास्त्रशुद्ध. चौदा खराच कोरा निघाला तर सांगायला काही उरतच नाही! बाबा दुपारी झोपले असताना दंडावरून बोळा फिरवला. टेम्पोला लटकून लॅब गाठली.

११ ऑक्टोबर, सोमवार
साध्या ब्रॉथची नळी जेमतेम जांभळी. साखरेची गच्च जांभळी, तळापासून गळ्यापर्यंत. तीनदा धुतली. सुटेना.
बाबांचे जंतू चारचौघांसारखेच आहेत.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
सांगून टाकलं. पाय धरले आणि वातीपासून पेन्सिलीपर्यंत सगळं ओकलो. बाबा म्हणाले, वातीचं गंगाने मला त्याच दिवशी सांगितलं. मग गोड का सोडलंत म्हटलं, तर म्हणाले, तू खरं बोलेपर्यंत सोडलं होतं. रोज विचारत होतो की नाही तुला?
मला रडूच फुटलं. माणसाने पाटावरचा मान घालवला, आणि मी लाडू मोजत बसलो होतो. आत्याही रडली. मग डोळे पुसून तिने लाडवांचा डबा आणला. एकच उरला होता. (बाकीच्यांचं वर लिहिलंच आहे.)
बाबांनी लाडू उचलला. तोंडापर्यंत नेला आणि विचारलं, सरांना सांगितलंस?
म्हटलं, सोमवारी नक्की.
त्यांनी लाडू परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.
आज मंगळवार.