चार मिनिटं थांबलेली भाकरी

माय, त्या चौघांचं संपलं. आपल्या वरच्या पत्र्याच्या खोलीत धिंगाणा घालणारी ती इंजिनिअरिंगची पोरं, तुझ्या डब्यावर जगलेली, त्यांचा बँड. गेल्या आठवड्यात त्यांचा शेवटचा अल्बम आला आणि सोबत छोटीशी चिठ्ठी, की यापुढं आम्ही वाजवणार नाही, भांडण वगैरे काही नाही, दमलो. पोरं कसली, आता चाळिशी ओलांडलेले बाप्ये आहेत सगळे आणि गाणाऱ्याच्या डोक्यावर चांगलं परातीएवढं टक्कल पडलंय. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. माझ्या मुलाला ते म्हणजे मम्मीचं जुनाट काहीतरी वाटतं आणि त्याच्या बापाला सगळं रॉक एकसारखंच, मिक्सर लागल्यासारखं.

अल्बम आला त्या दिवशी मी रजा टाकली. नोकरीसाठी रोज वैजापूरच्या बसला हात करणारी बाई गाणी ऐकायला रजा टाकते हे साहेबांना कसं सांगणार, म्हणून पोटदुखी सांगितली. दोघं आपापल्या वाटेला लागल्यावर स्वयंपाकघरात येऊन बसले, तू गॅस खाली मांडून बसायचीस त्याच कोपऱ्यात, पाट टाकून. नऊ गाणी आहेत. पूर्वी जे ते ओरडून म्हणायचे ते आता नुसतं सांगतात. गाणाऱ्याचा आवाज वर जाता जाता मध्येच बसतो आणि त्यानं तो तसाच ठेवलाय, झाकलेला नाही. एका गाण्यात शहागंजातून निघून स्टेशनापर्यंत एकेक वळण येतं आणि त्या वळणावर आता कोण राहत नाही तेवढंच तो सांगतो. ते ऐकून मला रडू फुटलं. अल्बम चांगला आहे, माय, आणि म्हणूनच वाईट वाटतं. वाईट वाजवून गेले असते तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. पण मी खरी थांबले होते ती नवव्या गाण्यासाठी. गाणाऱ्यानं आधीच फोनवर सांगितलं होतं, शेवटी आपलं पहिलंच गाणं ठेवतोय, तेव्हाचंच, तुमच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं.

त्या गाण्यात तू आहेस. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ते एका मित्राच्या कॉम्प्युटरवर आणि एकाच माइकवर रेकॉर्ड केलं तेव्हा खाली तू डब्यांच्या भाकरी थापत होतीस. स्लॅबमधून, जिन्यातून तुझी थपथप वर गेली आणि गाण्यात बसली. सुरुवातीला गिटार यायच्या आधी तूच येतेस, आणि मध्ये सगळे थांबतात तिथंही एकटी तूच चालू असतेस. ते गाणं इंटरनेटवर गेलं तेव्हा कुठकुठली माणसं विचारायची, हे कोणतं वाद्य आहे. कुणी म्हणे डफ, कुणी म्हणे रिकामं खोकं, एक शहाणा तर म्हणाला की कापसाच्या गाठीवर हात मारलाय. मी वाचून हसायचे. पण तू गेल्यावर हसू गेलं. तुझे फोटो आहेत, इरकल आहे, आवाज मात्र कुठंच नाही, कारण तेव्हा आपल्याकडं साधा बटणांचा फोन होता. जो काही आवाज उरला तो त्या गाण्यात, तोही तोंडाचा नाही, हाताचा. दरवर्षी तुझ्या तिथीला मी ते लावते आणि जेवायला आलेल्यांना सांगते, आईला हे गाणं फार आवडायचं.

नववं गाणं सुरू झालं आणि त्यात तू नव्हतीस. सुरुवातीलाच गिटार आली. मला वाटलं आवाज कमी असेल, म्हणून मुलाचा हेडफोन आणून कानाला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मध्ये सगळे थांबतात तिथं पत्रा जरासा कडकडला, उन्हानं तापल्यावर कडकडायचा तसा, आणि बाकी काही नाही. माझं डोकंच फिरलं. हल्ली कॉम्प्युटरवर नको ते आवाज पुसून टाकतात हे मला ठाऊक आहे. ज्या बाईनं परीक्षेच्या दिवसांत यांना दोनदा गरम डबा दिला, तिलाच यांनी धुळीसारखं झटकलं! मी ड्रमवाल्याला फोन लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सुनावलं, "लाज नाही वाटली? माझ्या आईला पुसलंत तुम्ही."

तो म्हणाला, "कसम से, काहीच नाही पुसलं. आपण ते गाणं दोनदा रेकॉर्ड केलं होतं, विसरलीस का? पहिलं सगळ्यांकडं आहेच. हे दुसरं कुणीच ऐकलं नव्हतं, जुन्या सीडीवर सापडलं, म्हणून टाकलं. दुसऱ्या वेळी मावशी थांबल्या होत्या ना." आणि हळूच म्हणाला, "तूच तर खाली गेली होतीस सांगायला."

विसरले नव्हते, माय. त्या दिवशी सगळ्यात आधी माझेच कान टवकारले होते. मी तेव्हा बारावीत, त्या चौघांसमोर तुला आई म्हणायचे आणि घरात माय. पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी लावून ऐकवलं, त्यात तुझी थपथप निघाली आणि चौघं हसले. त्यांना मजा वाटली होती, हे आज कळतं. मला वाटलं आपल्याला हसतायत. मी तणतणत जिना उतरले. तू परातीवर वाकलेली, अर्धी भाकरी थापून झालेली, तवा तापलेला, टोपल्यात भाकरींची चवड आणि भिंतीशी उघडे डबे. मी म्हणाले, "माय, बंद कर ते धपाधपा. वर रेकॉर्डिंग चाललंय." तू मान वर न करता म्हणालीस, "डबे जायचेत बाई. शहागंजातली दुकानातली माणसं खोळंबतीन." मग मी ते बोलले. "आपण भाकरी विकतो हे साऱ्या जगाला ऐकवायचंय का तुला? मला लाज वाटते." तू तेव्हा वर बघितलंस आणि एवढंच म्हणालीस, "भाकरी का चोरून करायची असती व्हय?" आणि थांबलीस. गॅस बंद केलास. बांगड्या कोपरापर्यंत सारल्यास. पिठाचे हात परातीवर तसेच धरून बसलीस, मेंढी विताना तिच्याजवळ चुळबूळ न करता बसतात ना, लासूरकडच्या तुझ्या माहेरी, तशी. मी दारात उभी राहून पहारा दिला. चार मिनिटांचं गाणं. बाजरीचं पीठ ते, ते कुणासाठी थांबतं? भाकरीला कडेनं चिरा पडल्या, उचलायला गेलीस तर मधोमध तुटली. ती दोन तुकड्यांत भाजून तू तुझ्या ताटासाठी बाजूला ठेवलीस, आणि त्या दिवशी डबे उशिरा गेले. सायकलवर डबे नेणारा तुला नाही नाही ते बोलला, तू ऐकून घेतलंस.

वर चौघांनी दोन्ही ऐकली आणि पहिलंच घेतलं. ड्रमवाला म्हणाला, मावशींशिवाय मजा नाही. म्हणजे तुझं थांबणं फुकटच गेलं. गाण्याचं नाव झालं, लोक त्या थपथपीला वाखाणायला लागले, तसा माझाही सूर बदलला. जिन्यातली ती भांडाभांडी मी गाळून टाकली आणि उरलेलं सगळ्यांना कौतुकानं सांगत आले. बघा, ही माझी आई! वीस वर्षं सांगितल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता दुसरं रेकॉर्डिंग बाहेर आलं आणि त्यात मीच तोंडावर पडले.

ड्रमवाला चांगला आहे. परवा त्याचा मेसेज आला, "नववं बदलू का? जुनं टाकतो, मावशीवालं. तू म्हणशील तसं." दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. हेडफोन लावून ती चार मिनिटं किती वेळा ऐकली याचा हिशोब नाही. कुठं तरी बांगडी किणकिणेल, खोकशील, परात जरा सरकेल, असं वाटत होतं. काही नाही. थांब म्हटल्यावर तू पुरती थांबली होतीस. शेवटी मी लिहिलं, "राहू दे." ज्यानं त्यानं आपापल्या कानानं ऐकावं. त्यांना ते स्वच्छ रेकॉर्डिंग वाटेल. मला तिथं तुझे पिठाचे हात दिसतात आणि दारात मी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहूनच टाकते. आईला हे गाणं फार आवडायचं, असं मी सांगते ना, ते खोटं आहे. त्या दिवशी दोन्ही ऐकून मी परत जिना उतरून खाली आले तेव्हा तू विचारलंस, "झालं का गं? मी थांबले ते बरं झालं का?" मी हो म्हणाले. कोणतं घेतलं ते सांगितलं नाही. त्यानंतर तू सहा वर्षं होतीस. मला दोनदा म्हणालीस, एकदा अशीच दुपारी आणि एकदा दवाखान्यात, "ते पोरांचं गाणं ऐकीव की मला." दोन्ही वेळा मी म्हणाले, तुला नाही कळायचं त्यातलं.