रोटाचा गहू आणि जपानी मडकं

प्रकाशा

चि. हेमकांत यास रंजनावहिनीचा आशीर्वाद. ममता आणि दोन्ही पोरं सुरतेत खुशाल असतील. इकडे तुझे दादा बरे आहेत, तापी भरून चालली आहे, आणि मला हार्ट अटॅक आलेला नाही. हे मुद्दाम कळवते, कारण भाऊबंदकीत उलटी बातमी फिरते आहे. (फोन दादांनी कपाटात कुलूपबंद केला आहे, म्हणून पत्र.)

झालं असं, की मी कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटाचा गहू मोजत होते, सगळ्या कुटुंबाचा एकत्र, घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ. सवयीने तुम्हा चौघांच्याही मुठी सुपात पडल्या आणि तुझा फोन आला, "वहिनी, यंदापासीन आमना रोट आम्ही सुरतलेच करसूत." बरं म्हटलं आणि तुमचा गहू परत काढायला बसले. (मिसळलेल्यातला तुमचा कोणता, हे तूच सांग. लहानपणी तू स्वतःच्याच मुठीने मोजायचा हट्ट धरायचास. मूठ इवलीशी, म्हणून मी मागून हळूच भर टाकायचे आणि सासूबाई ओरडायच्या. फार बरे दिवस होते रे ते.) दुसऱ्याच मुठीला छातीत अशी कळ आली की मी सुपासकट आडवी.

नंदुरबारला दवाखान्यात मनगटातून बारीक नळी घालून पाहिलं. रक्तवाहिन्या स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, दिसतं हुबेहूब अटॅकसारखं, पण मोठा धक्का बसला की क्वचित एखाद्या बाईचं हृदय खालून फुगतं. जपानात आठ पायांचा समुद्रातला प्राणी धरायचं मडकं असतं म्हणे, तसं दिसतं. काही आठवड्यांत जागेवर येतं. धक्का कसला बसला, असं त्यांनी विचारलं. तुझे दादा म्हणाले, "हिले कसाना धक्का? हाईच साऱ्यास्ले धक्का देस." शेजारची रूपलीबाई नारळ घेऊन भेटायला आली. अटॅक नव्हता हे कळल्यावर "मंग इतली धावपळ कसाले?" म्हणाली आणि नारळ परत घेऊन गेली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरं मोठी झाली, संसार वाढला, रोट वेगळा करणं काही पाप नव्हे. मला आनंदच आहे.

तुझी,
रंजनावहिनी

ता. क. आनंद आहे हे दादांनी लिहायला लावलं.

ता. क. २. धक्क्याचं कारण मी डॉक्टरांना म्हैस मेली असं सांगितलं आहे. म्हैस ठणठणीत आहे. कुणी विचारलं तर तूही मेली म्हण.

ता. क. ३. तुमचा गहू काढलेला नाही. कानबाईला अजून दोन आठवडे आहेत. येणार असशील तर कळव. येणार नसशील तर कळवू नकोस. वाट पाहायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही.