नवशिक्याने भारी क्यामेरा घ्यावा काय?

॥ श्री ॥

रत्नागिरी, माघ वद्य ५, शके १८५४

राजमान्य राजेश्री हरिश्चंद्रपंत मेहुणे, मुक्काम गिरगाव, यांस रावजीकडून, मी वयाने मोठा म्हणून आशीर्वाद, आणि तू इंग्रजी पेढीतला कारकून म्हणून नमस्कार. दोहोंपैकी जो खिशात मावेल तो ठेवून घ्यावा. तुझा खोकला कसा आहे? काढा घेतोस की नुसता उशाशी ठेवतोस? इकडे तुझी ताई मथुरा बरी आहे, गाय व्याली, आंब्यांना मोहोर बरा आहे. मी खुशाल आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहितो. खरे पाहता गेले आठ दिवस दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून पाहतो.

तू विचारतोस, की आपण सहा महिने बारा रुपयांच्या डब्यावर फोटो काढतो आहोत, आता फोर्टातल्या एका दुकानात दोनशे पस्तीस रुपयांचा जर्मन क्यामेरा पाहिला आहे, तर नवशिक्याने असा भारी क्यामेरा घ्यावा काय. आणि भाऊजी, तुम्ही तसाच घेतला आहे तेव्हा तुम्ही अनुभवी. उत्तर एका शब्दात: नको. पण शास्त्रात हेतूवाचून प्रतिज्ञा मानीत नाहीत, म्हणून हेतू सांगतो. वाचताना ताईच्या नजरेला पत्र पडणार नाही असे पाहा, म्हणजे पुढेमागे ती तिकडे आली तर.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुंबईस आलो तेव्हा मीही तुझ्यासारखा डबाच घ्यायला दुकानात शिरलो होतो. काउंटरवरच्या टोपीवाल्या गृहस्थाने माझी पगडी, उपरणे आणि वहाणा असा वरून खाली अन्वय लावला आणि म्हणाला, "नवशिक्यांसाठी हा आहे बघा, बारा रुपये, यात बिघडण्यासारखं काही नाही." हरिश्चंद्रा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, काव्यतीर्थ झालेल्या, तीस वर्षे पोरांना धातू घोकवलेल्या माणसाला कोणी चारचौघांत नवशिका म्हणावे! मी काचेच्या कपाटातल्या सर्वांत वरच्या यंत्राकडे बोट केले. किंमत ऐकल्यावर ते बोट मागे घेता आले असते. पण बोट एकदा दाखवले की ते वचनच, असे मला त्या क्षणी वाटले. दोनशे सत्तर रुपये. विम्याचे आलेले होते, ते गेले. घरी मी सत्तावीस सांगितले. (खोटे म्हणू नकोस. फक्त एक शून्य गाळले, आणि शून्य म्हणजे काही नाही, हे गणितीच सांगतात.)

तेव्हापासून भय सुरू झाले. बारा रुपयांची वस्तू माणूस वापरतो. दोनशे सत्तरांच्या वस्तूची तो राखण करतो. आगबोटीवर मी रात्रभर ती पेटी पोटाशी धरून बसलो. इथे बंदरात पडावात उतरताना ती डोक्यावर घेतली, तेव्हा खलाशी म्हणाला, "भटजीनू, तुमी पडलात तरी चालतील, ती प्येटी द्या हिकडं." घरी आल्यावर खारी हवा भिंगाला बाधते असे पुस्तिकेत वाचले आणि यंत्र घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या कणगीत पुरले. आठ दिवसांनी भाताला चामड्याचा वास येऊ लागला. मग ते चुलीवरच्या फळीवर गेले, मग धुराच्या भयाने माझ्या उशाशी आले. अडीच महिन्यांत एकही चित्र काढले नाही. पुरलेल्या धनावर नाग असतो ना, तसा मी. फरक एवढाच, की नागाला फडा तरी असतो.

आता खरी गोष्ट. आमची यमुनाआत्या तुला ठाऊक आहे. (तुझ्या मुंजीत जिने तुझा कान धरून संध्या म्हणवून घेतली ती.) तिचा भिकाजी नऊ वर्षे मोंबासास रेल्वेत आहे. यंदा येतो, पुढल्या वर्षी येतो, असे करता करता त्याने तिथेच घर केले. मार्गशीर्षात त्याचे मला पत्र आले: आईचा एक फोटो काढून पाठव, डोळे मिटले की हल्ली तिचे तोंड नीट दिसत नाही. ही ओळ वाचल्यावर यंत्र उशाशी ठेवून निजणे पाप होते. पण आत्या ऐकेना. फोटो आयुष्य ओढून घेतो, हा तिचा सिद्धांत. इथे मी शहाणपणा केला. मी म्हटले, आत्ये, फोटो हा परक्यांचा शब्द. आपल्याकडे याला छायाचित्र म्हणतात. तुझी नुसती छाया काचेवर उतरते, आयुष्याला धक्का नाही. ती जपमाळ ओढता ओढता म्हणाली, "छाया होय? मग बघू. छाया माझी अजून पडते बरी." मी शब्दाच्या या विजयावर दोन दिवस खूश होतो. तू मात्र हा शब्द लक्षात ठेव. सगळा घात त्यात आहे.

दिवस ठरला. सकाळी दहाचे ऊन, मागीलदारचे अंगण. एका बाजूला नुकतेच चुना लावलेले तुळशीवृंदावन, दुसरीकडे दोरीवर वाळत घातलेले माझे धोतर, मध्ये माजघराच्या दारापुढे पाट, पाटावर आत्या, विधवेचे लाल आलवण कपाळावरून नाकापर्यंत ओढलेले. यंत्राच्या भात्याकडे पाहून तिने विचारले, "हे चामडं कसलं रे?" मी म्हटले, "जर्मन." हे जनावर तिने कधी ऐकले नसल्यामुळे विटाळाचा प्रश्न तिथेच मिटला. मी तुझ्या ताईची संक्रांतीची काळी चंद्रकळा डोक्यावर घेऊन काचेत पाहिले, तर आत्या पाटासकट उलटी लटकलेली. तिला सांगितले नाही.

तुझ्या डब्याला एक भोक आणि एक खटका. माझ्या भिंगाभोवती साडेचारपासून बत्तीसपर्यंत आकडे आहेत. मी न्यायशास्त्राला धरून ठरवले, की आकडा मोठा तर भोक मोठे आणि भोक मोठे तर उजेड फार. आत्यासाठी हात आखडू नये म्हणून बत्तिसावर काटा लावला. नंतर पुस्तिकेत वाचतो तो, साडेचार म्हणजे सताड उघडे दार आणि बत्तीस म्हणजे सुईचे नेढे! साहित्यात विपरीतलक्षणा असते, शब्द एक बोलतो आणि अर्थ उलटा निघतो, हे मी मुलांना दरसाल शिकवतो. जर्मन लोकांनी ती आकड्यांत घातली असेल हे कोणाला ठाऊक? त्यातून आत्या कधी उठेल याचा नेम नाही म्हणून क्षणाचा शंभरावा भाग निवडला. खटका वाजला. आत्या उठली. "झालं? पुन्हा नाही हो बसायची मी," म्हणाली आणि वातींचा कापूस घेऊन बसली.

दुपारी बाळंतिणीच्या खोलीत (घरात अंधारी खोली तेवढी एकच) लाल कागद लावलेला कंदील घेऊन मी काच धुतली. तुझी ताई बाहेर राखणीला. मग कागदावर उन्हात ठसा घेतला. हरिश्चंद्रा, हळूहळू वृंदावन उमटले, त्याच्या कोनाड्यासकट. माझे धोतर उमटले, त्याचे ठिगळसुद्धा. वासराचे पांढरे कपाळ उमटले. पाटाची कड आणि तिच्यावरचे पितळी फूल उमटले. आणि पाटावर कोणी नाही. मागे माजघराच्या दाराचा काळोख, तो पुढे पाटापर्यंत आलेला. मी ठसा खिडकीशी नेला, भिंग लावून पाहिला, आत्या नाही ती नाहीच.

कारण मागाहून पुस्तिकेच्या तळटीपेत सापडले, की या जातीच्या काचेला तांबडा रंग दिसत नाही, तो काळा उमटतो. रातांधळी माणसे ऐकली होती. ही तांबडांधळी काच. उजेड आधीच नेढ्याएवढा, त्यात लाल आलवण, त्यात तोंडावर पदर. शास्त्र समजले, पण मी घाबरलो ते दुसऱ्याच कारणाने. गेल्या चातुर्मासात आत्याच्याच ओटीवर मी पुराण सांगत होतो, आणि रंगात येऊन मृत्यूची लक्षणे सांगितली होती: ज्याची छाया दिसेनाशी होते, त्याने सहा महिन्यांत आवरून घ्यावे. पहिल्या रांगेत आत्या होती. तिने दोनदा मान डोलावली होती.

आता तिला कोणत्या तोंडाने सांगू, की आत्ये, धोतराची छाया आली, वासराची आली, तुझी तेवढी नाही? हसू नकोस. तिच्या थोरल्या जावेला जोशाने फाल्गुन सांगितला होता, ती फाल्गुनात गेली. आजार काही नव्हता; त्या घरातल्या बायका वेळ पाळतात. शब्दावर जाणारी माणसे आहेत ही, आणि शब्द माझा. मी नुसते फोटो म्हटले असते तर ती यंत्राला शिव्या देऊन मोकळी झाली असती. सध्या मी सांगतो, की ठसा मुंबईला धुवायला गेला आहे. त्यावर ती म्हणाली, "छाया धुतात? मळली होती काय रे माझी?" रोज सकाळी येते, कडी वाजवते, विचारते, "उमटली?" मी "अजून नाही" म्हणतो. ती "बरं" म्हणते. ते "बरं" रोज थोडे हळू होत चालले आहे असे मला वाटते. तुझी ताई म्हणते मला भास होतो. मी ठसा व्याकरणाच्या एका पोथीत दडवला आहे, जी माझ्याशिवाय कोणी उघडत नाही (आणि मीही नाही).

तात्पर्य, भारी यंत्र त्याने घ्यावे ज्याला चुका परवडतात, आणि पैशांत परवडणे ही त्यातली सर्वांत लहान बाब. डब्याने तुला चुकण्याची मुभाच ठेवलेली नाही. माझ्या यंत्रात चुकण्याच्या जागा मोजल्या, त्या सदतीस भरल्या. दोनशे सत्तर रुपयांत एकेक जागा सव्वासात रुपयांना पडली. तेव्हा दुकानाच्या त्या बाजूने जाऊच नकोस. बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो वापरल्याने झिजत नाही एवढे ध्यानात असावे.

तुझा भाऊजी,
रावजी

ता. क. — तू येत्या आगबोटीने तुझा तो बारा रुपयांचा डबा घेऊन निघ. मोहोर बघायला आलो म्हणावे. येताना एक पांढरी स्वच्छ शाल आण, आणि आत्याला नमस्कार करून तिच्या खांद्यावर घाल. तोंडावरचा पदर कसा मागे सारायचा ते मात्र मला सुचलेले नाही. लहानपणी तिने तुझा कान धरला होता, त्या हक्काने काही बघ. छाया हा शब्द उच्चारशील तर भाऊजी म्हणू नकोस.

दुसरा ता. क. — काल पाकिटाला डिंक लावायचा राहिला ते बरे झाले. आज सकाळी कडी वाजलीच नाही. मी घाबरून आत्याच्या अंगणात गेलो, तर ही आमच्याकडून तुझ्या ताईला सांगून पोथ्या उचलून घेऊन आलेली, उन्हाला पसरून बसलेली. (माघात पोथ्यांना ऊन दाखवायचे ते तीच दाखवते, हे मी विसरलो.) मांडीवर ठसा. मी तिथेच नेढे, काच, तांबडा रंग, सगळे एका दमात सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आलवण नेसलेली बाई त्यालाही दिसत नाही? मग जर्मन कसलं मेल्या, आपल्यातलंच आहे ते." मग ठसा उन्हात तिरका धरून म्हणाली, "पाट छान आलाय. हाच पाठव भिकूला."

मी म्हटले, आत्ये, रिकामा पाट पाहून त्याला काय वाटेल? ती म्हणाली, "वाटू दे. माझं तोंड पाठवलंस तर भिंतीवर टांगील आणि राहील तिथेच. आणि खाली मी मेले असं लिहू नको हो. मेले म्हटलं तर म्हणेल, आता जाऊन काय करायचं. खुशाल आहे म्हणून लिही, आणि नुसता पाट बघू दे." पुढे पोथीचे पान उलटत, माझ्याकडे न पाहता, "सहा महिने म्हणाला होतास ना रे पुराणात? मोंबासाहून यायला पुरतील?" ती थट्टा करीत होती की हिशेब, हे मला तिच्या तोंडावरून कळले नाही, आणि पदर बाजूला करून पाहायची माझी छाती झाली नाही.

तिसरा ता. क. — ठसा सोबत आहे. दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन आलो, हातातून सुटत नाही. तू मुंबईहून मोंबासास पाठव. मागे "आई खुशाल" एवढेच लिही, आणि अक्षर तुझे असू दे. डबा आणू नकोस. ते दोनशे पस्तीसांचे यंत्र घ्यायचे की नाही याबद्दल वर जे लिहिले त्यावर मी ठाम आहेच. पण कबूल केले पाहिजे, की तुझ्या बारा रुपयांच्या डब्याने हे चित्र निघाले नसते. त्यात आत्या आली असती.