सासूबाईंची काठी, माझी हवा

९ फेब्रुवारी

आज उतारावर थोडक्यात वाचलो.

पिकअपमध्ये मातीच्या गोण्या, गोण्यांवर दगडी कुंड्या आणि उरलेल्या फटींत रोपं. ‘अजून एक बसतंय’ हे सासूबाईंचं लाडकं वाक्य. मागची बाजू जमिनीला टेकायला आलेली, तोंड आकाशाकडे. स्टिअरिंग इतकं हलकं की पुढची चाकं आमच्या नर्सरीतच विसरून आलो की काय! उताराला ब्रेक दाबला तर गाडी आधी विचार करत बसली. शेवटी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसवली, तेव्हा थांबली.

सासूबाई शेजारी, मांडीवर गुलाबाची कुंडी. एक पान गळलं नाही. मला दरदरून घाम फुटलेला आणि त्या म्हणतात, "मागच्या चाकांवरची कमान दमलीय गाडीची. फिटरकडून स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घे."

मी म्हटलं, "आई, माल जास्त होतोय."

"काठी लावली होती मी." विषय संपला.

गाडी चालवताना मी रडत नाही. घरी येऊन रडले. भीतीपेक्षा रागानं जास्त. गाडी मी चालवते, मरणार मी, आणि माझं ऐकायचं नाही!

१० फेब्रुवारी

काठीचं लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

ती सासऱ्यांनी जुन्या गाडीसाठी केली होती. माल भरताना मागच्या बंपरपाशी उभी धरायची. काठीला एक खाच आहे. बंपर खाचेपर्यंत उतरला की बास. मग कोणी राजा आला तरी एक कुंडी चढायची नाही. पुढे सासरे गेले, जुनी गाडी भंगारात गेली, ही सेकंडहँड पिकअप आली. काठी तीच! ही गाडी जुनीपेक्षा चांगली उंच. ती खाचेपर्यंत उतरेस्तोवर अर्धमेली झालेली असते. हे मी एकदा सांगून पाहिलं होतं. "ह्यांनी केलेली खूण आहे," म्हणाल्या. आता त्यावर सुनेनं काय बोलायचं?

काठीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. नवऱ्यानं लहानपणी त्या काठीनं कौलांवरचा चेंडू काढला होता, तो मार त्याला अजून आठवतो.

त्याला म्हटलं, तू तरी बोल. तर म्हणे, तुम्ही दोघी बघा काय ते. बँकेतही लोकांना हेच सांगत असणार.

१२ फेब्रुवारी

फिटरकाकांकडे गेले. ते गाडीखाली शिरले आणि खालूनच हसायला लागले.

आधीच्या मालकानं कमानीत एक पाटा जास्तीचा घालून ठेवलाय! म्हणून गाडी एवढी उंच, म्हणून वजन दिसत नाही. म्हटलं, सासूबाईंना अजून एक हवाय. म्हणाले, घालतो की, मग गाडी बसणारच नाही, तुझ्या सासूबाई त्यात घरसुद्धा भरतील. मग बाहेर आले, हात पुसले आणि नीट माझ्याकडे बघून बोलले.

"पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाहीत, पोरी. कमान माल उचलते. थांबवत नाही."

हे वाक्य कुठेतरी कोरून लावायला हवं. सासूबाईंच्या चष्म्यावर.

मग त्यांनी काय काय दाखवलं! रबरी गुटके — स्वस्त आणि मस्त, पण खड्ड्यात धाडकन आपटतात, कुंड्यांचे तुकडे. जाड शॉकॲब्जॉर्बर — गाडीचं डुलणं थांबतं, वजनाला काही उपयोग नाही. आणि हवेचे फुगे! जाडजूड रबराचे, मागच्या दोन चाकांपाशी बसतात. केबिनमधलं बटण दाबलं की हवा भरते आणि मागची बाजू वर येते, दुसरं दाबलं की हवा जाते आणि खाली बसते.

मला फुगे आवडले. का ते अजून नक्की कळलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

कळलं! रोपांना पाणी घालता घालता कळलं, आणि झारी हातात धरून मी एकटीच हसत उभी. सासूबाई म्हणाल्या, काय झालं गं? म्हटलं, काही नाही आई, गाडी दुरुस्त होणार म्हणून आनंद झाला.

त्यांना पाटा वाढवायचाय. मी एक काढणार!

जास्तीचा पाटा गेला की कमान मूळची होती तशी. माल भरताना फुगे रिकामे ठेवायचे. गाडी लवकर बसेल, बंपर लवकर खाचेला येईल, आणि सासूबाई स्वतःच्या तोंडानं बास म्हणतील. मग निघताना गुपचूप हवा भरायची, की गाडी सरळ. काठीचाही मान राहतो आणि माझाही जीव.

खाच माझ्या गुडघ्याच्या जराशी खाली येते, एवढं मी लांबून बघून ठेवलं होतं. फिटरकाका म्हणाले, तिथपर्यंत बसली की माल बरोबर बेताचा. शिवाय म्हणाले, तू माझी सून नाहीस हे माझं नशीब.

१६ फेब्रुवारी

बसले फुगे. काढलेला पाटा शेणखताच्या ढिगामागे लपवला. सासूबाईंना सांगितलं, काम झालं. खोटं कुठे बोलले?

१७ फेब्रुवारी

पहिली खेप! काय सांगू, निम्म्या कुंड्या चढल्या नाहीत तोच काठी बंपरला. "बास," म्हणाल्या! त्यांच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. वर चेहरा पाडून म्हणतात, पाटा वाढवूनही गाडी बसते कशी? मी म्हटलं, नवीन आहे आई, रुळेल.

निघताना बटण दाबलं. गुर्रर्र आवाज. हे काय, म्हणाल्या. पंखा, म्हटलं. मग हवेच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवून, हा काटा कसला? तेलाचा.

उतारावर ब्रेक लावला आणि गाडी थांबली. सांगितल्या जागी, सांगितल्या क्षणी. मी मुद्दाम वाळूच्या ढिगापाशीच थांबवून दाखवली. सासूबाईंनी ढिगाकडे पाहिलं आणि कुंडी नीट धरली.

मी फार हुशार आहे.

२० फेब्रुवारी

"तेल फारच चढ-उतार करतंय तुझं," म्हणाल्या. मला ठसका लागला.

२४ फेब्रुवारी

पाटा जागेवर नाही! सगळा ढीग उपसला. शेवटी दिसला — वाफ्यावरच्या ताडपत्रीवर, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून वजन ठेवलेला. विचारलं, आई, हे कुठून आणलंत?

"पडलं होतं." मीही पाटा तिथेच राहू दिला. जेवताना दोघी भलत्याच गोड वागलो. नवरा एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे, आणि भात चिवडत बसे.

२ मार्च

माझी हुशारी जरा जास्तच झालेली दिसते. गाडीत एवढाच माल? गोण्या भरल्या की कुंड्यांना जागा असूनही "बास". बागवाल्या गिऱ्हाइकानं आज तोंडावर विचारलं, बाई, एका खेपेचं काम हल्ली दोन खेपांत का करता? मी म्हटलं, झाडं दमतात.

कमान खरंच दमली की काय? फिटरकाकांकडे नेली. त्यांनी वाकून, झोपून, ठोकून पाहिलं. सगळं उत्तम. म्हणाले, एवढ्याशा मालाला गाडी खाचेपर्यंत उतरूच शकत नाही, तू तुझी खाच बघ. म्हटलं, खाच कशी बदलेल, ती सासऱ्यांची आहे.

५ मार्च

आजही अर्धीच. सासूबाई काठी लावतात, मान हलवतात, "काय बाई ही गाडी," म्हणतात आणि उसासा सोडतात. मीही उसासा सोडते. नाटकात घालावं आम्हाला.

८ मार्च

सासूबाई दोन दिवस बहिणीकडे चालल्या. जाताना दारात थांबल्या आणि काठी माझ्या हातात दिली! मी आधी पदरालाच हात पुसले.

"खूण बघून भर," म्हणाल्या. आणि रिक्षात बसता बसता, "नीट बघ."

९ मार्च

सकाळी माल भरायला काठी उभी धरली. खाच गुडघ्याच्या वर! तिरकी, साफ, कलमाच्या चाकूनं कापलेली. असं कापणारा हात या घरात एकच आहे. तिच्या खाली वीतभर अंतरावर कलमाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. सोडली. आत सासऱ्यांची खाच.

नवऱ्याला दाखवली. तो चहा पीतच म्हणाला, "तू वाळूत गाडी घातलीस ना, त्याच संध्याकाळी आई चाकू घेऊन बसली होती. पोर घाबरलीय, म्हणाली. तिला सांगू नकोस, म्हणाली."

पट्टी होती तशी परत गुंडाळली. माल भरला. त्यांच्या खुणेपर्यंत. अजून एक कुंडी बसत होती.

बसवली नाही.