टिड्डीवाली चाची

२३ मे
सकाळपासून फोनवर टोळांचेच विनोद. राजस्थानातून निघालेत, आज-उद्या झाशीत. बँकेच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "बाहर से आ रही हैं, पहले चौदह दिन क्वारंटाइन करो." हसले. चार जणांना पुढे पाठवला.

दुपारी आलेच. आधी ओरछा गेटच्या अंगाला धूर वाटला, मग तो धूर पत्र्यावर तांदूळ सांडल्यासारखा वाजायला लागला. सगळी गल्ली गच्च्यांवर. थाळ्या, डबे, कोणाचा तरी लग्नातला भोंगा. आईपण वर आली. जानेवारीत बाबा गेले तेव्हापासून ती गच्ची चढली नव्हती. बाबांच्या मोगऱ्याच्या कुंड्या टोळांनी भरलेल्या, पान दिसेना. आईने परात उचलली आणि लाटण्याने बडवायला लागली. आणि ओरडायला. केस सुटलेले, पदर कुठे, भान नाही. बाबा गेले तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती.

मी खाली आणलं. पाणी दिलं. झोपली.

मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्यात.

२४ मे
व्हिडिओ! आईचा!! "मराठी चाची वर्सेस टिड्डी दल." मागे ढोल, आणि खाली हिंदीत तिच्या तोंडी घातलेलं: "हमारे यहाँ कुछ नहीं है, गुप्ता जी के यहाँ पनीर बना है, उधर जाओ!" हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी काल पाठवलेल्या विनोदाखाली होती तशीच.

घेतलाय समोरच्या गच्चीवरून. म्हणजे आशिष. सरला चाचींचा मुलगा, कोचिंगमध्ये गणित शिकवतो, वर हे विनोदांचं पान चालवतो. बाबांच्या सुतकात याच घरातून रोज आमचं जेवण यायचं. तोच डबा घेऊन यायचा.

खिडकीतून हाक मारली. "आशिष, हटाओ उसे." म्हणे, "अरे दीदी, चाची जी तो स्टार हो गईं! सब प्यार ही दे रहे हैं."

प्यार.

२६ मे
बँक. काउंटरवर एक गिऱ्हाईक मास्क खाली करून: "मैडम, वो टिड्डीवाली चाची आपकी मम्मी हैं ना?" मागची अख्खी रांग हसली. मॅनेजरसुद्धा. स्टिकर निघालंय आईचं. परात उगारलेली, तोंड उघडं. आमच्याच ग्रुपवर "गुड मॉर्निंग" म्हणून आलं.

आईला अजून माहीत नाही. निदान मला तसं वाटतंय.

आशिषचं काय करायचं, एवढंच दिवसभर डोक्यात. आकडेमोडीत दोनदा चुकले.

२७ मे
त्याच्या इंटरनेटची वायर आमच्या गच्चीवरून जाते. कापली. शिवणाच्या कात्रीने. संध्याकाळी आला, क्लास बुडाला म्हणून रडवेला. "दीदी, लगता है टिड्डियों ने खा लिया."
म्हटलं, "हो सकता है. सब खा जाती हैं."
पोळ्या लाटताना एकटीच हसत होते. आई बघत राहिली.

२८ मे
वायर जोडली त्याने. व्हिडिओ अजून तिथेच, आता त्यावर नाच पण करतायत लोक. वायरने माझं समाधान होणार नाही. मला तो सगळ्यांसमोर मान खाली घातलेला हवाय.

एक गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. आई काय ओरडत होती. मराठी कळतं कोणाला इथे?

२९ मे
केलं. खोट्या नावाने खातं उघडलं आणि व्हिडिओखाली हिंदीत लिहिलं, ही बाई खरं काय म्हणतेय ते. शब्दाला शब्द.

"खा, सगळं खा! त्यांना नेलंत, आता त्यांचा मोगराही न्या! मला कशाला मागे ठेवलंत? अहो, ऐकताय ना? तुमची झाडं खातायत हो!"

वर लिहिलं, नवरा चार महिन्यांपूर्वी गेलाय, आणि व्हिडिओ बनवणाऱ्याला ते ठाऊक आहे.

पहिला तासभर कोणी विश्वास ठेवेना. "फेंक रहे हो भाई." मग इथून जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतून एका फौजीच्या बायकोने लिहिलं: "मी साताऱ्याची आहे. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. हसणाऱ्यांनो, आता पुन्हा ऐका." खाली तेच हिंदीत.

बस. तिथून वारं फिरलं.

३० मे
धाड पडली त्याच्यावर. काल नाचणारेच आज शिव्या घालतायत. त्याचा फोटो, कोचिंगचं नाव, सगळं शोधून काढलंय. कोचिंगवाल्याने क्लास काढून घेतले. व्हिडिओ उडवला त्याने, पण हजार जागी उरलाय.

दारात आला. डोळे सुजलेले. "दीदी, कसम से, मुझे नहीं पता था वो क्या बोल रही हैं. आप बस एक बार लिख दो कि माफ़ किया." मी म्हटलं, "सब प्यार ही तो दे रहे हैं." आणि दार लावलं.

हे वाक्य सहा दिवस जपून ठेवलं होतं. गोड लागलं. अगदी गोड.

३१ मे
आईला सगळं माहीत होतं. पहिल्याच दिवसापासून. सरला चाचींनीच येऊन दाखवलं होतं, हात जोडून. आज पोहे खाता खाता सांगते!

"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलायचं? परात घेऊन नाचणारी म्हातारी. मलाही हसू आलं."
मग थांबून: "पण ते हिंदीत लिहिलंस ते तूच ना?"
मी बशीतले शेंगदाणे वेचायला लागले.
"तोवर कोणाला कळलं नव्हतं ग. ते मी ह्यांच्याशी बोलत होते. जगाशी नाही."

पोहे तसेच टाकून उठली.

आशिषवरचा राग जरासुद्धा कमी झालेला नाही. हेही लिहून ठेवते. त्याने नसतं केलं तर मीही…

१ जून
आई बोलत नाही. सरला चाचींच्या खिडकीला पडदा. कोचिंगवाल्याने त्याला कायमचंच काढलं म्हणे.

२ जून
दुपारी फोन. बबिन्याच्या त्या बाईने नंबर मिळवून एका मराठी वाहिनीला दिलेला. "आईंशी बोलता येईल का? त्या मुलाबद्दल काय वाटतं, थेट त्यांच्याच तोंडून हवंय." आज संध्याकाळीच दाखवणार. आई हो म्हणाली तर आशिष कायमचा संपला. मीच तिच्या वतीने बोलू शकले असते. शब्द तयारही होते.

"कोणाचा फोन?" आई मागेच उभी. दोन दिवसांत पहिलं वाक्य.

सांगितलं. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "नमस्कार. हो, मीच ती." आत गेली, कडी लावली.

मी बाहेर. कूलरच्या घरघरीत एक शब्द धड ऐकू येईना. समोर पडदा सरकला, आशिष खिडकीत. दाढी वाढलेली. त्याला कसं कळलं कोण जाणे. हाताने विचारलं, क्या हुआ?

मला काय माहीत.

आई अजून बोलतेच आहे.