ताराचंदचा पाय

सेवाघर, करडी, जि. भंडारा
२२ नोव्हेंबर १९७९

माझी कुंताबाई,

प्रभूच्या नावाने तुला सलाम आणि दादा-वहिनीला नमस्कार. त्यांना माझा नमस्कार चालत नसेल तर तुझ्याजवळच ठेव. मी बरी आहे, खोकला नाही. दिघोरीचं धान कापून झालं असेल. यंदा तू खळ्यावर चुरण्याला जाऊ नको, तुझा हात दुखतो. इकडे थंडी पडली. दवाखान्याच्या मागे वांगी लावली होती, त्यांना कीड लागली.

इतके दिवस पत्र का नाही म्हणून तू विचारलंस. कामामुळे. एक पेशंट आहे.

साखरेचा आजार आणि पायाला जखम. त्याच्या भावाने त्याला बैलगाडीत घालून आणलं आणि व्हरांड्यात उतरवून ठेवलं. भावाने नाकाला दुपट्टा बांधला होता, गाडी हाकणाऱ्यानेही. मी पायावरचं फडकं सोडलं तर फडक्याबरोबर कातडी आली. आत अळ्या होत्या. टर्पेंटाइन ओतलं की त्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या. असं काम मी आधीही केलं आहे, कधी काही वाटलं नाही. या माणसाचं करताना मात्र मला उमासे येतात. ताटातल्या भाताकडे बघवत नाही. कोपरापर्यंत साबण लावला तरी वास केसांत राहतो. प्रार्थनेला डोळे मिटले की पहिला तोच येतो.

रविवारी पाद्रीबाबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपली रुखमिणीबाई धुते, म्हणाले. सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघून हसल्या. मला अशी शिसारी आली की मी उठून बाहेर गेले. शिष्यांच्या पायांना धूळ असेल, अळ्या नव्हत्या. आणि प्रभूचं त्यांच्यावर प्रेम होतं.

माझं नाही. हेच लिहायचं मी टाळत होते. तो पेशंट ताराचंद आहे. तुझा नवरा. ज्याने मागावरचा धोटा फेकून तुझी भुवई फोडली, हात पिरगाळून मोडला, आणि तू माहेरी निघालीस तर पवनीच्या भर बाजारात तुझ्या नावाने ओरडत मागे आला, तो.

आधी त्याने मला ओळखलं नाही. मग एका सकाळी पट्टी करताना म्हणाला, “तू कुंताची बहीण होय ना? बाटलेली?” मी हो म्हणाले. त्याने तोंड फिरवलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी पीत नाही, वॉर्डबॉय तुलाराम त्याला पाणी देतो. पाय मात्र माझ्यापुढेच करतो. मला त्याची किळस, त्याला माझी. असे आम्ही रोज सकाळी समोरासमोर बसतो.

प्रार्थनेचं तुला सांगते. तू या धर्मातली नाहीस. पण मी इथं टीबीतून उठले आणि बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरातून एकटी तूच भेटायला आली होतीस. दुसऱ्या कोणाला सांगू? आधी मी मागितलं, याच्याबद्दल माझ्या मनात प्रेम दे. आलं नाही. मग मागितलं, निदान वास तरी येऊ देऊ नको. आणि मग एका दिवशी, भरल्या वॉर्डात, त्याच्या खाटेशी गुडघे टेकून मी मागितलं की हा मरू दे. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला वाटलं मी याला बरं करायला सांगते आहे. त्याने बिचाऱ्याने हात जोडले.

तेव्हा मला माझीच घाण वाटली. त्या दुपारी चिमटे उकळायला ठेवले आणि देवाला जे खरं ते सांगितलं. मला याची किळस येते. मी याला माफ केलेलं नाही. उद्याची पट्टी मीच करणार आहे. बाकी काही मागितलं नाही. कुंताबाई, इतकी वर्षं मी इथं गोड गोड प्रार्थना केल्या, गाणी म्हटली, पण समोर कुणी आहे आणि ते ऐकून राहिलं आहे, असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं. उत्तर आलं नाही. वास गेला नाही. पण सकाळी हात मागे हटला नाही. आता रोज मी तेवढंच बोलते.

आता पत्राचं खरं कारण. नागपूरचे डॉक्टर बघून गेले. पाय गुडघ्याखालून कापावा लागेल, मग माणूस जगेल, म्हणाले. हे ऐकून त्याचा भाऊ भैयाजी आला आणि दाराशीच उभा राहून पाद्रीबाबांना म्हणाला, “पाय कापल्यावर आमच्याकडं कोन करन त्याचं? बायको जित्ती हाये. तिले बोलवा.” ताराचंदनेही तेच धरलं. पाद्रीबाबांनी मला सांगितलं, बहिणीला लिही. ती येईल, माफ करेल, मोडलेलं घर जुळेल. प्रभूची हीच इच्छा दिसते.

मी आजवर त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, “बाबा, माफी तिची आहे. ती तुम्ही कशी वाटता? आणि तुम्ही स्वतः त्या खाटेपर्यंत कधी आलात?”

ते उठून गेले. मला वाटलं रागावले. दुसऱ्या दिवशी मी पट्टीला बसले तर सदऱ्याच्या बाह्या वर सारून आले आणि घमेलं धरलं. अर्ध्यात खाली ठेवून बाहेर धावले. नळाजवळ ओकल्याचा आवाज आला. मग तोंड धुऊन परत आले आणि संपेपर्यंत धरून बसले. उठताना एवढंच म्हणाले, तुला योग्य वाटेल ते लिही.

ताराचंदला मी स्वतः सांगितलं. “कुंताबाईले मी तुमच्यासाठी बोलावणार नाही. पाय कापला की तुम्ही इथंच राहाल. तुमचं सगळं मी करीन.”

“मी तिचा नवरा हाये,” तो म्हणाला.

“म्हणूनच,” मी म्हणाले.

मग तो रडला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त त्याच्या नाकातून मिशीवर उतरलेलं पाणी दिसलं. तेही मीच पुसलं.

भैयाजी आता तुझ्याकडे दिघोरीला येईल. दादाला लोकांची भीती घालेल, तुला पुण्य सांगेल. तुला आपणहून यावंसं वाटलं तर ये. माझ्या खोलीत राहा, आणि हवं तर वॉर्डात पाऊल न टाकता परत जा. पण देवाला हवं म्हणून कोणी सांगितलं तर येऊ नको. त्याची इच्छा मला सगळी कळत नाही. तुला पुन्हा त्या घरात लोटावं असं मात्र त्याच्या मनात नाही, एवढं मी खात्रीने सांगते. हे काम माझ्या हाती आलं आहे. ते माझ्याच हाती राहू दे.

सकाळी पुन्हा पट्टी आहे. किळस येईल. तरी जाईन.

तुझीच,
रुखमिणी