आधी बूट, मग पळणं

३१ ऑगस्ट, रविवार
संस्कृतीचा बेंगळुरूहून फोन. लेकीचा फोन दर रविवारी येतोच. जेवलात का आप्पा, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठेवते. आज मात्र अर्धा तास! ती तिकडं पळायला लागलीय. म्हणाली, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मी येणारच, तेव्हाच सोलापुरात रनिंगचा इव्हेंट आहे, आपण दोघं पाच किलोमीटर पळू या. मी लगेच हो म्हणालो. विचार कसला करायचा त्यात!

पण चपलेवर पळू नका म्हणाली. आधी शूज बघा. फार महाग नको, फार स्वस्त नको, रोज वापरता येतील असे मधले.

संकल्प: उद्या पहाटेपासून पळणे.
दुरुस्ती: उद्यापासून बूट बघणे. चुकीच्या बुटांवर पळालं की गुडघे कामातून जातात, असं यूट्यूबवर एक दाढीवाला सांगत होता.

३ सप्टेंबर
अभ्यास सुरू. रिटायर झाल्यापासून तसा वेळच मिळत नाही, तरी काढला. बुटात फोम असतो. टाचेची उंची आणि चवड्याची उंची यातला फरक म्हणजे ड्रॉप. आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात बूट घालून बसलो आणि हे माहीत नव्हतं.

पाय ओला करून फरशीवर ठेवायचा, ठसा बघायचा, म्हणजे पाय सपाट आहे की कमानीचा ते कळतं. केलं. फोटो काढायला मोबाईल शोधेपर्यंत शांतम्मानं फडकं मारलं. वर मलाच म्हणाली, ओल्या पायानं घरभर कशाला हिंडायलाव ओ आप्पा, पडलासा तर उचलायला कोन हाय हितं? धुणंभांडी करते, पण बोलणं मालकिणीचं. पुन्हा ठसे काढून फोटो संस्कृतीला पाठवला. तिनं बुधवार असून फोन केला! खूप हसली. हसणं हुबेहूब आईचं. दानेश्वरीला जाऊन दोन वर्षं झाली. असो. पाय सपाट निघाला.

६ सप्टेंबर, शनिवार
नवी पेठेत दुकान. पहिलाच जोड पायात घातला आणि बसला. अगदी बसला. पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, तीही राहिली. किंमत मधली. दुकानातला पोरगा बिल करायला निघाला, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आज शनिवार. शनिवारी पायताण घेत नाहीत. थोडक्यात वाचलो.

संध्याकाळी फोन. संस्कृती म्हणाली, आप्पा तुम्ही कधीपासून शनिवार पाळायला लागलात? म्हटलं, अनुभवानं माणूस शिकतो. यावर बराच वाद झाला. मस्त वाद झाला.

७ सप्टेंबर
आजपासून पितृपक्ष. खरेदी बंद. आमच्यात हे पाळत नाहीत, दानेश्वरी तर असल्या गोष्टींची टर उडवायची. पण सगळं गाव पाळतंय, आपणच कशाला शहाणपणा करा?

१५ सप्टेंबर
शेजारचे हणमंतराव रोज पहाटे कंबर तलावाकडं पळायला जातात. आज गेटवरून हाक मारली, चला की ओ, घरात बसून काय अंडी उबवायलाव? त्यांच्या पायात फाटके कॅनव्हास. त्यांना ड्रॉप म्हणजे काय विचारलं, तर म्हणाले, पाऊस पडल्यावर पडतो तो. अशा माणसाबरोबर पळायचं म्हणजे अवघड आहे. शूज आले की येतो, सांगितलं.

त्यांचं गेट वाजतं तेव्हा मी जागाच असतो. चहा दोनदा होतो. पण बूट नाहीत, काय करणार.

२३ सप्टेंबर
पक्ष संपला. निवड दोन बुटांवर आली आहे. निळा मऊ आहे, राखाडी टिकाऊ आहे. संस्कृती म्हणते राखाडी घ्या, मळ दिसत नाही. म्हणून मी निळ्याची बाजू लावून धरली. मग ती म्हणाली निळा घ्या, तेव्हा मला राखाडीचे गुण पटले. फोन बराच चालला. चर्चेशिवाय योग्य निर्णय होत नाही, हे ऑफिसातही मी नेहमी सांगायचो.

२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्त उत्तम. दुकानात गेलो. ही गर्दी! गर्दीत पायाचे निर्णय होत नसतात. परत आलो. येताना आपट्याची पानं आणली. शांतम्माला दिली, हणमंतरावांना दिली. बरीच उरली.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज मी तयारीनिशी बसलो होतो. प्रश्न: जाळीच्या कापडातून सोलापूरचा फुफाटा आत जाईल का? संस्कृती म्हणाली, आप्पा, कुठलाही घ्या हो आता, माझा कॉल सुरू होतोय. रविवारी कसला कॉल? नेटवर्क खराब असणार. नेटवर्क खराब असलं की माणसाचा आवाज तुटक येतो.

तोच प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकला. निळ्या टिका आल्या. वाचलंय म्हणजे विचार करत असेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा
दिवाळीला ती आली नाही. तिकीट मिळालं नाही. जानेवारीत येणारच आहे, मग उगाच दोन-दोन फेऱ्या कशाला? मीच तसं म्हणालो.

दुपारी कुरिअर. खोका उघडला तर बूट! निळे. माझा साईज, अंगठ्याची जागा सोडून. एवढ्या दिवसांचं बोलणं पोरीनं सगळं लक्षात ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. उदबत्तीचा धूर फार झाला होता. शांतम्मानं खोक्याला कुंकू लावलं. म्हटलं, अगं पायताण आहे ते. ती म्हणाली, लेकीनं धाडलंय न्हवं?

संध्याकाळी संस्कृतीचा फोन. बसले का? बसले. सुटलात आप्पा, संपला एकदाचा विषय. हॅपी दिवाळी. ठेवते.

आनंदच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
फोन. जेवलात का, जेवलो. मी सहज म्हटलं, डाव्या बुटात करंगळी दबते. ती म्हणाली, मग परत करू, उद्या माणूस येऊन घेऊन जाईल. मी घाबरून म्हणालो, नको नको, आता दबत नाही. ती म्हणाली, बरं. ठेवते.

बूट खोक्यातच आहेत. रोज वापरले की फोम मरतो. जानेवारीला ताजे पाहिजेत. हणमंतराव म्हणाले, रोज वापरायचेच आहेत न्हवं ते? या माणसाला दूरदृष्टी नाही.

३० नोव्हेंबर
तिनं विचारलं, पळणं कसं चाललंय? म्हटलं, जोरात. खोटं नाही. मानसिक तयारी जोरातच आहे.

२८ डिसेंबर
संस्कृतीला रजा नाही. ऑफिसात कसलं तरी रिलीज आहे. गड्ड्यालाही नाही, रनिंगलाही नाही. पुढच्या वर्षी नक्की म्हणाली. सॉरी आप्पा, सॉरी आप्पा, असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अगं वेडी का काय तू, मलाच त्या दिवशी जरा काम होतं.

तिच्या खोलीतली गादी उन्हात टाकली होती, ती आत घेतली. रनिंगसाठी दोघांची फी भरली होती. राहू दे.

वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय?

११ जानेवारी, रविवार
आज रनिंगचा इव्हेंट. पहाटे हणमंतरावांनी गेट वाजवलं. म्हणाले, आज न्हाय म्हनायचं न्हाय. नाईलाज झाला. बूट खोक्यातून काढले, घातले. पायाखाली गादी घातल्यागत वाटलं. उगाच नाही एवढा अभ्यास केला.

पार्क चौकातून निघालो. सुरुवात जोरदार. डफरीन चौक येईतो पोटात कळ. बूट ठीक होते, श्वासाचं नियोजन चुकलं. चहाच्या टपरीवर बसलो. शेजारून बाप-लेकी पळत जात होते, नवराबायको जात होते, हणमंतराव फाटक्या कॅनव्हासमध्ये जात होते. टपरीवाल्यानं विचारलं, कुनाला सोडायला आलाव का काका? व्हय म्हटलं.

हणमंतराव मेडल घेऊन परत आले. त्यांना मिळालेलं केळं मला दिलं. मला पाय वर करायला लावून माझा फोटो काढला, तो मी संस्कृतीला पाठवला. खाली लिहिलं, जमलं!

फोन लगेच आला. म्हणाली, आप्पा, बुटाचा तळ कोरा करकरीत आहे. तुम्ही एकदाही पळाला नाहीत ना? मी म्हटलं, रबर दर्जेदार आहे. तिनं विचारलं, मग ऑगस्टपासून आपण बोलत काय होतो एवढं? मी म्हटलं, बुटांबद्दल.

फोन कट झाला का बघितलं, नव्हता झाला. मग ती नाक ओढून म्हणाली, सॉक्स कुठले घातलेत? सुती. सुती नका घालू आप्पा, फोड येतात. कुठले घ्यायचे ते बोलू आपण.

बोलू म्हणाली! सॉक्स हा विषय खोल आहे. जाड, पातळ, घोट्यापर्यंत, घोट्याखाली. घाई अजिबात करायची नाही. मार्चपर्यंत सहज पुरेल.

१३ जानेवारी
सकाळी मेसेज. आप्पा, सॉक्स मागवलेत, उद्या येतील. सहा जोड, सगळे काळे, म्हणजे निवडायची कटकट नको. सोबत हसरा चेहरा.

पोरगी गुणाची आहे. कामाचा उरक आईसारखाच.

उन्हाळा जवळ आलाय. आपल्याकडचं ऊन म्हणजे टोपीशिवाय पळणं अशक्य. जाळीची टोपी घ्यावी की कापडी, असं तिला विचारलं. त्याला आता दुपार झाली. दोन टिका आल्यात. निळ्या झाल्या नाहीत अजून. मीटिंगमध्ये असेल.